आईच्या नावावरच्या ठेवी

माणसाला एखादा तरी शौक असावा म्हणतात. कोणी पेटी वाजवतं, कोणी गच्चीत गुलाब लावतं. मला कर वाचवायचा शौक होता. चुकवायचा नव्हे, वाचवायचा. चुकवणारे चोर आणि वाचवणारे हुशार, इतकं साधं तत्त्वज्ञान. एका सरकारी कंपनीच्या लेखा विभागात मी आयुष्य काढलं. शेवटची सोळा वर्षं कोलकात्यात. मार्च जवळ आला की ऑफिसातले बंगाली सहकारी चहाचा भांड, म्हणजे मातीचा कप, घेऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि हळूच विचारायचे, "दादा, ए बछर की कोरबो?" यंदा काय करू? मग मी चष्मा पुसून त्यांना सांगायचो, इथे इतके टाका, तिथे तितके टाका, बायकोच्या नावावर काही करू नका. मला त्यात फार मजा यायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसंही नव्हतं. मी स्वतःही कोरडा पाषाण नव्हतो. मी जे केलं होतं ते कुणाच्याही वरताण होतं.

वडील गेले तेव्हा आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. कऱ्हाडचं घर भाड्याचं, ते सोडून दिलं आणि तिला सॉल्ट लेकमधल्या आमच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये घेऊन आलो. वडील एका खासगी पेढीवर होते, त्यामुळे मागे पेन्शन वगैरे काही नाही. आईचं स्वतःचं उत्पन्न शून्य. पहिल्याच महिन्यात ती हॉलमध्ये सोफ्यावर बसून मटार सोलत होती, आणि मला एकदम लख्ख दिसलं की आपल्या घरात एक अख्खी करमुक्त मर्यादा बसून मटार सोलते आहे.

जे या भानगडीत पडलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी बायकोच्या नावाने ठेव ठेवली तर तिचं व्याज सरकार माझ्याच उत्पन्नात मोजतं. आईला पैसे भेट दिले तर मात्र ते आईचे होतात, आणि त्यावरचं व्याजही आईचं. शिवाय ज्येष्ठ नागरिक म्हणून बँक अर्धा टक्का जास्त देते. ऐंशी ओलांडली की करातली सूट आणखी वाढते. म्हणजे म्हातारपण हा आपल्याकडे एकमेव आजार आहे ज्याच्यावर सवलत मिळते. मी दर वर्षी बोनस आला, थकबाकी आली, एखादी पॉलिसी पिकली की ते पैसे आईला भेट द्यायचो आणि तिच्या नावाने ठेवीत टाकायचो.

आणि मी नियमाने चालणारा माणूस. उद्या कुणी विचारलं तर कागद हवा, म्हणून दर एप्रिलात वर्षभराचं मिळून भेटपत्र करायचो. नैसर्गिक प्रेम आणि आपुलकीपोटी ही रक्कम मी माझ्या आईस कायमची भेट देत आहे, ती परत मागण्याचा मला कसलाही हक्क राहणार नाही, असा त्यातला मजकूर. आई वाचल्याशिवाय कुठे सही करत नसे आणि इंग्रजी तिला येत नसे. मग मी मराठी करून, थोडा आवाज लावून वाचून दाखवायचो. दुसऱ्या वर्षी तिने सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि म्हणाली, "छान आहे. पण एवढं प्रेम तुला एप्रिल महिन्यातच येतं का रे?"

आम्ही सगळे खूप हसलो.

एका वर्षी बँकेत द्यायचा एक कागद माझ्याकडून राहिला आणि तिच्या व्याजातून कर कापला गेला. मग तिच्या नावाने विवरणपत्र भरलं आणि पुढे पावसाळ्यात परतावा आला. मी जेवताना सहज म्हणालो, "आई, तुझा रिफंड आला." तिने घास हातातच ठेवला. "माझा? मला पैसे पाठवले? कुणी?" सरकारने, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने कामाला येणाऱ्या बाईला, इथल्या भाषेत माशीला, नाक्यावरच्या दुकानात पिटाळून संदेश नावाची मिठाई आणवली, खालच्या मजल्यावर वाटली, आणि कऱ्हाडच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं की मी आता आयकर भरते. ही मैत्रीण शाळेतून निवृत्त झालेली, एकटीच राहणारी. तिला पेन्शन होती आणि इतकी वर्षं तोच तिचा मोठेपणा होता. त्या दिवसापासून दोघी बरोबरीत आल्या. दर वर्षी जून उजाडला की आई विचारायची, "माझं रिटर्न भरलंस का?" मला गंमत वाटायची. मुलाने खेळण्यातला फोन कानाला लावावा तशी गंमत.

कोलकात्यात ती अकरा वर्षं राहिली, पण नाइलाज म्हणून राहिली. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. बंगाली तिला समजायला लागली होती, बोलायला मात्र तिने साफ नकार दिला. माशी बंगालीत बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची, आणि भाजी कुठली चिरायची यावर दोघींचं रीतसर भांडण व्हायचं. बायको सकाळी स्वयंपाक आटोपून ऑटोने मुलीकडे न्यू टाऊनला जायची. मुलगी सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला, जावई बंगाली, नात तीन वर्षांची. तिला सांभाळायला आजी हवीच. म्हणजे दिवसभर आमच्या घरात मराठी बोलायला आई आणि देव. नातीला पणजीकडे आणली की ती बंगालीत काहीतरी गोड बोलायची आणि आईच्या मांडीवरून घसरून टीव्हीकडे पळायची.

आई कुरकुर करत नसे. फक्त दर दिवाळीला एकदा विचारायची, "मग, कधी जायचं?" आणि मी दर दिवाळीला सांगायचो, "रिटायर झालो की जाऊ. कऱ्हाडला नाही तर साताऱ्याला एखादा छोटा फ्लॅट घेऊ." खोटं बोलत नव्हतो. तेव्हा तसंच वाटत होतं.

पण निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि बायकोने स्पष्ट सांगितलं की ती नातीला सोडून कुठेही येणार नाही. "तुम्हाला जायचं तर जा. तिथे जाऊन काय करणार? भिंतींचा कर वाचवणार?" मुलीने न्यू टाऊनमध्ये तिच्या शेजारच्याच संकुलात एक फ्लॅट दाखवला. लिफ्ट होती, पाणी होतं, समोर तळं होतं. घेतला. कर्ज काढलं, कारण कंपनीचं क्वार्टर निवृत्तीबरोबर सोडावं लागणार होतं. आमची कंपनी सरकारी असली तरी सरकारी खात्यांसारखं भरभक्कम पेन्शन आम्हाला नाही. पेन्शन म्हणून जे मिळतं त्यात गॅसचं सिलिंडर आणि वर्तमानपत्र भागतं. फंड आणि ग्रॅच्युइटी कर्जाचे हप्ते फेडण्यात जाणार होती. खायचं होतं ते आईच्या नावावरच्या ठेवींच्या व्याजावर. माझं वयही आता साठ होणार, म्हणजे ज्येष्ठाचा अर्धा टक्का मला स्वतःलाच मिळणार. ठेवी मोडायच्या, माझ्या नावावर घ्यायच्या, सरकारी ज्येष्ठ योजनेत टाकायच्या. सगळं डोक्यात कसं चोख बसलं होतं.

आईला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर एका रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इथेच."

"तुला खोली आहे तिथे स्वतंत्र. बाल्कनी आहे. लिफ्ट आहे, खाली फिरायला जाता येईल."

"कुणाशी?" आई म्हणाली. आणि उठून हात धुवायला गेली.

दोन दिवसांनी मी ऑफिसातून आलो तर ती हॉलमध्ये चांगली साडी नेसून बसली होती. मला वाटलं कुणी येणार आहे. मी चहा घेईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "माझे किती आहेत?"

"काय किती?"

"पैसे. ठेवीतले. व्याज महिन्याला किती बसतं?"

मी सांगितलं. लपवायचं काहीच नव्हतं, मला उलट जरा अभिमान होता. तिने मान हलवली. तिने आधीच कुठेतरी हिशेब केलेला दिसत होता. म्हणाली, "मी कऱ्हाडला जाते. माझी मैत्रीण एकटीच आहे, तिची एक खोली रिकामी आहे. दोघींत एक स्वयंपाकाची बाई ठेवू, रात्रीला एक मुलगी ठेवू. भाडं देईन मी तिला, फुकट राहणार नाही. तेवढ्या व्याजात सगळं होऊन वर उरतील."

मी आधी हसलो. आई गमतीत बोलते असंच मला वाटलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अगं, ते पैसे नावाला तुझे आहेत."

"नावालाच तर सगळं असतं," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या नावाने भाडेपट्टा होता म्हणून ते घर त्यांचं म्हणायचे. चूल माझी होती, पण कुणी म्हटलं का माझं घर? आणि तूच वाचून दाखवलंस ना दर वर्षी? प्रेमापोटी, कायमचे, परत मागणार नाही."

"ते सरकारला दाखवायला होतं, आई!"

"मग मला कशाला वाचून दाखवायचास?"

मी चिडलो. मी वाटेल ते बोललो. तुला काय कमी केलं इथे, म्हणालो. माझ्या रक्ताचं पाणी करून साठवलेले पैसे आहेत, म्हणालो. या वयात पडलीबिडलीस तर हावड्याहून गाडीत बसून पोचायला आम्हाला दीड दिवस लागेल, म्हणालो. यातलं शेवटचं खरं होतं आणि नेमकं तेच बोलताना माझा आवाज चढलेला होता, त्यामुळे त्याला काही किंमत राहिली नाही. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाणी झालं असेल, पण ते तू माझ्या नावाच्या भांड्यात ओतलंस. मी मागायला आले नव्हते."

बायको रात्री मला म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते." ती काय म्हणत होती ते मला आठवत नाही. पण बायकांचं हे वाक्य नेहमीच खरं असतं. मग तिने दिवा मालवला आणि अंधारात म्हणाली, "आईंचं चुकत नाहीये हो. पण मग आपण खायचं काय?"

तिथेच सगळं अडलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आईला जाऊ दिलं तर फ्लॅटचे हप्ते गेल्यावर आमच्या हातात उरणारे पैसे इतके थोडे होते की एखादं दुखणं निघालं तर मुलीपुढे हात पसरावा लागला असता. नाही म्हटलं, तर पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्याच पैशाने तिच्या गावी जायला मी नाही म्हणत होतो. दुनियेला सल्ला देणाऱ्या मला कुणाकडे जाऊन विचारावं ते कळेना. हा प्रश्न कराचा नव्हताच.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आईच्या खात्याचं सगळं माझ्याच फोनवर होतं. पासवर्ड माझा, ओटीपी माझ्या फोनवर. ठेवी मोडून पैसे माझ्या खात्यात घ्यायला मला खुर्चीतून उठायचीही गरज नव्हती. एका दुपारी ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर मी ते सगळं उघडलं, रक्कम टाकली, ओटीपी आला. मी त्या आकड्यांकडे बघत बसलो आणि त्याची मुदत संपून गेली. चांगुलपणा वगैरे काही नाही, मला भीती वाटली. जूनमध्ये ती विचारील, माझं रिटर्न भरलंस का, तेव्हा मी काय सांगणार होतो? मी फोन उलटा करून ठेवला आणि शेजारच्या सहकाऱ्याला त्याच्या पॉलिसीबद्दल सल्ला देत बसलो.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, रागराग नको. सगळं शीटमध्ये टाकू, मग बघू." ती एका रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन आली. तिचं मराठी जरा अडखळतं, पण आकड्यांत ती माझी मुलगी आहे. एकेका ओळीत एकेक वर्ष. आडव्या रकान्यांत घरखर्च, हप्ते, औषधं, विमा, महागाई, व्याज, सगळं. ज्या वर्षी पैसे संपतात ती ओळ आपोआप लाल व्हायची. आईला जाऊ दिलं असं धरलं की लाल लवकर यायचं. ठेवी माझ्याकडे आल्या असं धरलं की बरंच खाली जायचं. आम्ही दोघं बाप-लेक डोकं लावून बसलो. महागाई थोडी कमी धर, गाडी नकोच, विम्याचं असं कर. आई खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती. तिला काही ऐकू जात नसेल असं का धरून चाललो होतो कोण जाणे. तिचे कान अजून शाबूत होते.

"मलाही दाखवा," ती म्हणाली.

मुलीने लॅपटॉप तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. आईने चष्मा लावला. इंग्रजी तिला येत नसलं तरी आकडे येत होते. "हे काय? हे वर्ष. बरं. यात माझं कुठे आहे?"

मुलीने बोट ठेवून दाखवलं. आजीचा खर्च. आईचं बोट त्या रकान्यातून हळूहळू खाली येत गेलं, आकडे दर वर्षी थोडे वाढत होते, तिने मान डोलावली, आणि मग बोट थांबलं. त्याच्याखाली नुसती शून्यं होती.

"इथून पुढे काय?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी टेबलावरचा पेन उचलून त्याचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईला वेळ लागला नाही. तिने त्या ओळीतलं वर्ष आणि आपलं वय मनात मोजलं.

"नव्वद," ती म्हणाली.

"अगं, हिशेबाला काहीतरी धरावं लागतं," मी म्हणालो. "सगळ्यांचंच धरतात. बँकवालेही धरतात."

"तुमचं दोघांचं किती धरलंय?"

"पंच्याऐंशी."

"म्हणजे मला बरंच धरलंस की!" आई हसली. खरंच हसली. मग म्हणाली, "बरोबर आहे. काहीतरी धरावंच लागतं." तिने चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा तांदळाचं ताट मांडीवर घेतलं.

मुलीने लॅपटॉप मिटला. आम्ही कोणीच त्या दिवशी पुढे हिशेब केला नाही. मला वाटलं आई दुखावली. संध्याकाळी तिच्या खोलीत गेलो, तर ती फोनवर मैत्रिणीशी नेहमीसारखी बोलत होती. स्वयंपाकाच्या बाईने पोळ्यांचे किती घ्यावेत याच्यावर दोघींचं चाललं होतं. मी दारातूनच परत आलो. काय बोलणार होतो? माफी मागावी तर कशाची? नव्वदऐवजी पंच्याण्णव धरायला हवे होते, असं म्हणू? शंभर धरले की पैसे पुरत नाहीत, असं म्हणू?

आठवड्याभराने ती म्हणाली, "मला बँकेत ने. तिथल्या अधिकारी बाईसमोर बसून सांगते काय ते."

खाली उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. प्रत्येक पायरीवर ती कठडा धरून थांबायची. ऑटोत ती माझ्या शेजारी ताठ बसली, पर्स मांडीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून. रस्त्यात माझ्या मनात सारखं येत होतं की ती तिथे जाऊन सगळेच पैसे कऱ्हाडला फिरव म्हणून सांगेल, आणि मलाच ते हिंदीत करून सांगावं लागेल. कारण बँकेत मराठी कळणारं कुणी नव्हतं. मी जे सांगेन तेच तिथे तिचं म्हणणं होणार होतं. हाही विचार आला. आला तो मी घालवला नाही, नुसता बाजूला ठेवला.

बँकेतली अधिकारी मुलगी माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिने आईला आधी पाणी दिलं, पंखा वाढवला, वाकून नमस्कार केला. "माशीमा, बोलुन." मावशी, बोला. मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "सर, माफ कीजिए, बुज़ुर्ग लोगों के केस में हमें उन्हीं से पूछना पड़ता है।" मी म्हटलं, विचारा की.

आईने घसा साफ केला आणि मराठीत बोलायला लागली. मला नाही, त्या मुलीला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जणू असं बोललं की कुठल्याही माणसाला मराठी कळतं. ती म्हणाली की ठेवी पुष्कळ आहेत. त्यातली एक, सगळ्यात मोठी, ती तिला हवी. तिचं व्याज महिन्याच्या महिन्याला तिच्या कऱ्हाडच्या खात्यात यावं. तेवढ्यात तिचं भागतं, तिने बाईचं आणि भाड्याचं विचारून ठेवलंय. बाकीच्या सगळ्या मोडून मुलाला द्याव्यात.

ती थांबली. मुलगी माझ्याकडे बघू लागली. "क्या बोल रही हैं माशीमा?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. सांगता सांगता डोक्यात तो तक्ता उघडला होता. मोठी ठेव वजा, बाकीच्या अधिक, आणि लाल ओळ कुठे जाते ते मी बघत होतो. ती बरीच खाली जात होती. बसत होतं. तिचंही बसत होतं आणि आमचंही, जरा ओढाताण होती, पण बसत होतं. मला इतकं हलकं वाटलं की आईचा हात धरावासा वाटला. आई जाणार आहे हे त्यात कुठेच नव्हतं. फक्त बसलं, बसलं, एवढंच.

मुलीने भराभर टाइप केलं. "और जो बड़ावाला है, उसे कितने साल का करना है?"

आईला प्रश्न कळला. तिने पंजा वर केला. पाच.

"पाँच साल। अच्छा है, रेट भी अच्छा मिलेगा," मुलगी म्हणाली. नॉमिनी कोण विचारलं, आईने माझ्याकडे बोट दाखवलं. सह्या झाल्या. आईची सही आता फार सावकाश होते, पण सुटत नाही. प्रत्येक अक्षर ती पुरं करते, वरची रेघही शेवटपर्यंत ओढते. मुलगी कौतुकाने बघत होती.

मग तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि एका चौकटीवर बाण नेला. "लास्ट चीज़। पाँच साल बाद ऑटो-रिन्यू कर दूँ, माशीमा? सब लोग करवा लेते हैं। फिर आना नहीं पड़ेगा, अपने आप आगे चलता रहेगा।"

मी आईला मराठीत सांगायला तोंड उघडलं. तिने मला थांबवलं. इतक्या वर्षांत बँकेच्या कागदांवर सह्या करून हा शब्द तिला चांगला ठाऊक झाला होता.

"नो," ती त्या मुलीला म्हणाली. "रिन्यू नो." मग माझ्याकडे वळून, मला समजवावं तशी म्हणाली, "पुढच्याला कशाला? तू पाचच धरलीस ना? तेव्हा ते तुझ्या खात्यात येतील. तुम्हाला लागतील."

"आई, अगं, ते नुसतं हिशेबाला..."

 ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. व्यवहाराचं बोलणं झालं, आता घरी जाऊ, एवढंच होतं.

मुलीचा हात माउसवर थांबला होता. काहीतरी घडलंय हे तिला कळलं असावं, काय ते कळलं नसावं. "सर?" ती म्हणाली. "तो रिन्यूअल नहीं करना है?"

आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. सांग तिला, खोळंबली आहे बिचारी, अशा अर्थाने.

"नहीं," मी म्हणालो.